उबुंटूचे पार्टिशन पुसले आणि आता विंडोज सुरू होत नाही

प्रश्न
माझ्या लॅपटॉपवर विंडोज १० आणि उबुंटू अशा दोन्ही प्रणाली होत्या. जागा अपुरी पडू लागल्याने काल विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून मी उबुंटूचे पार्टिशन पुसून टाकले. आज सकाळी लॅपटॉप सुरू केला, तेव्हा काळ्या पडद्यावर वर 'जीएनयू ग्रब' ही ओळ आणि खाली लुकलुकणारा कर्सर, एवढेच दिसते. सी ड्राइव्हवर मुलीच्या प्रबंधाची प्रकरणे आहेत व त्यांची दुसरी प्रत नाही. दुरुस्तीवाले सर्व फॉरमॅट करावे लागेल असे सांगतात. विंडोज खरोखरच उडाले आहे का?

प्रतिसाद १
विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'बूटरेक' ही आज्ञा 'फिक्सएमबीआर' या पर्यायासह द्यावी. माझा जुना संगणक त्यानेच सुरू झाला होता.

प्रतिसाद २
फॉरमॅट मुळीच करू देऊ नका. वरील उपाय जुन्या बायोस (संगणक चालू होताच प्रथम चालणारा, मदरबोर्डवरील प्रोग्राम) पद्धतीच्या संगणकांसाठी योग्य आहे, कारण तेथे ग्रबचा, म्हणजे उबुंटूसोबत बसणाऱ्या व सुरुवातीला कोणती प्रणाली उघडायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा, पहिला तुकडा डिस्कच्या ५१२ बाइटांच्या पहिल्या सेक्टरमध्ये बसतो आणि ती आज्ञा नेमका तोच भाग नव्याने लिहिते. आपला लॅपटॉप यूईएफआय, म्हणजे बायोसच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीचा असावा. त्यात ग्रबची फाइल ईएफआय नावाच्या वेगळ्या, लहान पार्टिशनमध्ये असते. ती आपण पुसलेली नाही, म्हणून मदरबोर्ड आजही आधी तिलाच हाक मारतो, पण तिला हवा असलेला मेनू उबुंटूच्या पार्टिशनबरोबर गेल्याने ती तेथेच अडून बसते. विंडोजची स्वतःची बूट फाइल मात्र त्याच ईएफआय पार्टिशनमध्ये शेजारीच असते.

लॅपटॉप सुरू होताना बूट मेनूची कळ दाबावी (कंपनीनुसार एफ १२, एफ ९ किंवा एस्केप) आणि यादीतून 'विंडोज बूट मॅनेजर' निवडावे. प्रबंधाची प्रत पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय पुढे काहीही करू नये. त्यानंतर यूईएफआयच्या सेटिंगमध्ये जाऊन बूट क्रमात विंडोज 'उबुंटू'च्या वर आणावे. बिटलॉकर (विंडोजची डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की विचारली जाऊ शकते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, तेव्हा फोनवरून आधीच पाहून ठेवा.

प्रश्नकर्ता
एफ १२ दाबताच यादी आली आणि विंडोज पूर्वीसारखेच उघडले. प्रकरणे दोन पेनड्राइव्हवर उतरवली आहेत. यादीत 'उबुंटू' हे नाव अजून दिसते. ते काढणे आवश्यक आहे का?

प्रतिसाद २
आवश्यक नाही. ईएफआय पार्टिशनमधील उबुंटूचा फोल्डर जागाही फारशी अडवत नाही, आणि तो पुसताना हात चुकून शेजारच्या मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरवर गेला, तर मात्र इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह शोधून 'बीसीडीबूट' या आज्ञेने बूट फाइली पुन्हा उभ्या कराव्या लागतील. प्रबंध सादर होईपर्यंत ते नाव तसेच राहू द्या.