पहिला पेपर आठ दिवसांत होत नाही

नेट, म्हणजे सहायक प्राध्यापक होण्यासाठीची यूजीसीची पात्रता परीक्षा, देणाऱ्यांना बरेचदा सांगितलं जातं, 'पेपर एक म्हणजे सामान्यज्ञान, शेवटच्या आठवड्यात उरकून टाका, सगळा जोर विषयावर (म्हणजे पेपर दोनवर) द्या'. हे मला अजिबात पटत नाही. नेटला ३०० पैकी १०० गुण या पेपरचे असतात आणि निकाल दोन्ही पेपरांच्या एकत्रित बेरजेवर लागतो. म्हणजे विषयात अडकलेले पाच-सहा प्रश्न इथे भरून काढता येतात. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका, हे तर आहेच.

पहिल्या पेपरबद्दल बोलताना फारसं कुणी बोलत नाही ते भारतीय तर्कशास्त्राबद्दल. २०१९ च्या जूनपासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात सहा प्रमाणं (ज्ञान मिळवण्याचे मार्ग), व्याप्ती (धूर तिथे आग असा कायमचा संबंध), हेत्वाभास (वरवर बरोबर वाटणारं पण चुकीचं कारण) आले आणि बरेच जण संस्कृत नावं बघूनच तो भाग सोडून देतात. मीही पहिल्या खेपेला सोडला होता. दुसऱ्या वेळी नावांऐवजी उदाहरणं धरली. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे आग आहे, हे अनुमान. देवदत्त दिवसा जेवत नाही तरी लठ्ठ आहे, म्हणजे रात्री जेवत असणार, ही अर्थापत्ती (दिसणाऱ्या गोष्टीचा मेळ बसावा म्हणून न दिसणारी गोष्ट मानणं). 'शब्द (ध्वनी) नित्य, म्हणजे कायम टिकणारा आहे, कारण तो उत्पन्न होतो' यात हेतूच, म्हणजे दिलेलं कारणच, उलट गोष्ट सिद्ध करतो, म्हणून विरुद्ध हेत्वाभास. पाचही हेत्वाभासांचं असं एकेक वाक्य वहीच्या एका पानावर लिहून ठेवलं होतं, परीक्षेच्या दिवशी सकाळी तेवढंच पान वाचलं. इतक्या कमी वाचनात इतके खात्रीचे गुण मला दुसऱ्या कुठल्याच घटकात मिळाले नाहीत.