दारं, चौकटी आणि स्कर्टिंगसाठी पांढरा रंग कोणता घ्यावा?

रानजाई:
ठाण्यातल्या आमच्या १९९४ च्या फ्लॅटचं काम काढलंय. सहा दारं, सागवानी चौकटी आणि नव्या फ्लोअरिंगबरोबर बसवलेली एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, सगळं पांढरं करायचंय. रंगारीदादा म्हणतात, "ताई, ऑइल पेंटच मारू, टिकतो." पण मागच्या वेळचा पांढरा ऑइल पेंट पाच वर्षांत पिवळा पडला. काल दारामागचं कॅलेंडर काढलं, तर त्याखालचा चौकोन बाकी दारापेक्षाही पिवळा! तिथे ऊन नाही, हात लागत नाही, मग असं का?

कुंचला:
ताई, अंधारामुळेच. ऑइल पेंटमधल्या तेलाचा हा गुणच आहे. उजेडात पिवळेपणा थोडा उडतो, झाकलेल्या जागी साठत जातो. कपाटाची दारं आतून बघा, तिथेही हेच दिसेल. अमोनिया असलेल्या क्लीनरने पुसलं की आणखी लवकर पिवळं होतं. गडद रंगाला ऑइल पेंट चालेल, पांढऱ्याला नको. दुकानात वॉटर बेस्ड इनॅमल मागा, फिनिश सॅटिन, म्हणजे मंद चमकीची. चकचकीत ग्लॉसमध्ये लांबीचा (पुट्टीचा) प्रत्येक खड्डा उठून दिसतो.

मात्र जुन्या ऑइल पेंटवर हा रंग तसाच मारू देऊ नका, महिन्याभरात नखाने सालासारखा निघेल. आधी साबणाच्या पाण्याने धुवायचं, चमक पूर्ण जाईपर्यंत २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात. आणि कोरडं घासू नका. जुन्या थरांत शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, तुमच्या दारांवरचे खालचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर) घ्या, ओलं घासा, मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

सातासमुद्रापार:
मी लीड्समध्ये राहते. इथे घरभर लाकडी स्कर्टिंग असते, त्यामुळे हे काम स्वतः दोनदा केलंय. पहिल्या वेळी गाठींवर थेट पाण्याचा रंग मारला आणि सहा महिन्यांत प्रत्येक गाठीचा तपकिरी डाग वर आला. सागवानातूनही असाच तेलकट डाग फुटतो. चौकट खरवडून लाकूड उघडं पडलं, तर त्या जागी लाखेचा प्रायमर लावा. आपल्याकडे फ्रेंच पॉलिशला चपडा वापरतात, तीच लाख. ती डाग आतच अडवते.

शेडचंही बघा. भिंत आयव्हरी असेल तर शेजारी झगझगीत पांढरं दार लावू नका, भिंत मळकी वाटते. पुठ्ठ्यावर दोन हात मारून तो चौकटीला टेकवा आणि संध्याकाळी दिवे लावून बघा.

मिस्त्रीचा मुलगा:
स्कर्टिंगबद्दल. एमडीएफची कापलेली कड स्पंजासारखी पिते, तिला प्रायमरचे दोन हात हवेत. खालची कड बहुतेक कोणी रंगवत नाही, आणि रोजच्या लादी पुसण्याचं पाणी तिथूनच वर चढतं. मग स्कर्टिंग फुगते. तुमची बसवून झालीय, म्हणून फ्लोअरिंग हलायला लागणारी फट तशीच ठेवा आणि फडका घट्ट पिळून पुसा. भिंतीकडच्या फटीत सिलिकॉन भरू नका, त्यावर रंग धरत नाही. ॲक्रिलिक सीलंट भरा.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. रंगारीदादांना कॅलेंडरखालचा चौकोन दाखवला, ते बराच वेळ बघत राहिले आणि वॉटर बेस्डला तयार झाले. दारं पावसाने फुगलीत, रंधा आधी मारायचा ना? आणि रंग झाल्यावर दारं कधी लावायची?

कुंचला:
रंधा आधीच, आणि रंगाच्या जाडीपुरती जागा सोडून. तीही पाऊस थांबून दारं सुकल्यावर, आत्ताच तासलीत तर हिवाळ्यात फट पडेल. म्हणजे नवरात्रानंतर काम धरा. रंग दोन तासांत हाताला कोरडा लागला तरी पक्का व्हायला तीन-चार आठवडे जातात. पहिले काही दिवस दारं रात्रीही उघडी ठेवा, नाहीतर चौकटीला चिकटतील आणि उघडताना पोपडा निघेल.