कॅन्सरची पेशी चांगल्या पेशीपेक्षा नेमकी वेगळी कशात?

मृण्मयी:
आईच्या मोठ्या आतड्याची बायोप्सी झाली. रिपोर्टमध्ये ‘न्यूक्लियस मोठे, गडद, असमान’ आणि ‘मायटोसिस (पेशींचं विभाजन) वाढलेले’ असं लिहिलंय. ही पेशी आपल्याच शरीरातली ना? मग फरक काय, फक्त भराभर वाढते एवढाच?

स्लाइडवाली:
मृण्मयी, मी हिस्टोपॅथॉलॉजीत (सूक्ष्मदर्शकाखाली ऊती तपासण्याच्या विभागात) आहे, रोज हेच बघते. वेग हा खरा फरक नव्हे. आतड्याचं निरोगी अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, कित्येक गाठी इतक्या वेगाने वाढत नाहीत. पण तिथे जेवढ्या पेशी झडतात तेवढ्याच नव्या येतात. कॅन्सरमध्ये हा हिशोबच मोडतो.

निरोगी आतड्याची स्लाइड बघताना डोळे निवतात. ग्रंथीभोवती पेशी ओळीने उभ्या, प्रत्येकीचं केंद्रक (न्यूक्लियस) तळाशी. कॅन्सरमध्ये ती रांग विस्कटते. केंद्रक फुगून पेशीचा बराचसा भाग व्यापतं, हेमॅटॉक्सिलिन या रंगाने गडद निळं-जांभळं दिसतं, शेजारच्या दोन पेशींची केंद्रकं एका मापाची नसतात. मधूनच एखादी पेशी दोनाऐवजी तीन टोकांकडे विभागताना सापडते. तिच्या गुणसूत्रांची वाटणी सरळ होणं शक्यच नाही.

मी सगळ्यात जास्त वेळ घालवते तो मात्र वेगळ्याच गोष्टीवर: या पेशी आपली हद्द ओलांडून खालच्या थरात शिरल्यात का. आकार बिघडलेल्या पेशी जागेवरच असतील तर गोष्ट वेगळी. शिरकाव झाला की तो कॅन्सर.

निनाद:
यात पी-५३ जनुकाचाही मोठा वाटा आहे. डीएनए बिघडला की ते पेशीला थांबवतं, दुरुस्ती होत नसेल तर मरायला लावतं. माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये तेच बिघडलेलं असतं. शिवाय साधारण पेशी ठराविक वेळाच विभागू शकते, हे शास्त्रज्ञ हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखवलं. दर विभाजनात गुणसूत्रांची टोकं झिजतात. बहुतेक कॅन्सर टेलोमरेज एन्झाइम पुन्हा सुरू करून ती टोकं भरून काढतात. एका रुग्ण बाईच्या गाठीतून घेतलेल्या हेला पेशी १९५१ पासून प्रयोगशाळांत वाढताहेत त्या याच जोरावर.

मृण्मयी:
मग केमोत तोंड का येतं, जुलाब का होतात?

स्लाइडवाली:
कारण केमोची बरीच औषधं विभागणाऱ्या पेशीवर घाव घालतात, ती कोणाची हे बघत नाहीत. तोंडाचं, आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा सतत विभागत असतात, म्हणून त्यांना झळ बसते. पण त्यातल्या बऱ्याच निरोगी पेशी दोन डोसांमधल्या काळात सावरतात. म्हणून तर मधे दिवस सोडतात. आईला ताप आला तर मात्र वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टरांना कळवा, पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असू शकतात.

आणि रिपोर्टमधले दोन शब्द वेगळे ठेवा. ग्रेड म्हणजे पेशी मूळ रूपापासून किती भरकटल्यात, स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचलाय. आतड्याच्या बाबतीत उपचार ठरवताना जास्त वजन स्टेजला असतं. ती बहुधा स्कॅन आणि ऑपरेशननंतरच पक्की कळते, एवढ्याशा बायोप्सीवरून नाही.