दूरशिक्षणातून प्राचीन इतिहास आणि अभिजात पुरातत्त्व: एम.ए.ला बसण्याआधी काय माहीत असावं?

तिठा:
ग्रीक-रोमन इतिहास आणि पुरातत्त्व एकत्र शिकवणारा दोन वर्षांचा अर्धवेळ एम.ए. दूरशिक्षणाने करायचा विचार आहे. पदवी वेगळ्याच विषयातली. माहितीपत्रकं वाचून झाली, पण त्यांत सगळं गोडगोडच असतं. नोकरी सांभाळून आठवड्याला खरे किती तास लागतात? ग्रीक-लॅटिनचं अक्षरही येत नाही, त्याने कुठे अडतं? वस्तूला हात न लावता पुरातत्त्व शिकणं म्हणजे काठावर बसून पोहायला शिकणं तर नाही ना? आणि प्रबंधासाठी 'रोमन लोकांचं दैनंदिन जीवन' असा विषय डोक्यात आहे, तो चालेल का?

शिलालेखी:
तासांचा हिशेब सरळ आहे. ब्रिटिश पद्धतीच्या एम.ए.ला १८० क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटला १० तासांचा अभ्यास धरतात. झाले १८०० तास. वर्षातले ४५ आठवडे हाती लागले असं धरा, म्हणजे दोन वर्षांच्या ९० आठवड्यांत आठवड्याला २० तास पडतात. ही सरासरी झाली; निबंध द्यायच्या पंधरवड्यात ती कोलमडते. युरोपात हेच १८० क्रेडिट ९० ईसीटीएस (युरोपीय क्रेडिट) म्हणून मोजतात, तेव्हा दोन माहितीपत्रकं शेजारी ठेवून 'हा अभ्यासक्रम निम्माच दिसतोय' असं समजू नका. १८०पैकी ६० साधारणपणे प्रबंधाचे.

प्रवेशाला बहुतेक ठिकाणी ग्रीक-लॅटिन लागत नाही, भाषांतरांवर भागतं. अडतं ते प्रबंधाच्या वेळी, कारण भाषेवाचून निम्मे विषय आपोआप बाद होतात. कोणती भाषा घ्यावी हे विषयावर ठरवा. रोमन म्हटलं की लोक डोळे मिटून लॅटिन घेतात. पण साम्राज्याच्या पूर्वेकडे, आशिया मायनर, सीरिया, इजिप्तमध्ये, बहुतेक शिलालेख आणि कागदपत्रं ग्रीकमध्ये आहेत. ग्रीक घेणार असाल तर पुस्तक अ‍ॅटिक ग्रीकचं (अथेन्सच्या अभिजात बोलीचं) आहे ना, ते आधी बघा. फुकट मिळणारे बरेच धडे बायबलच्या कोइने ग्रीकचे असतात. तेवढ्या शिदोरीवर इतिहासकार थुसिडिडीस उघडला की पहिल्याच परिच्छेदात पाय घसरतो. जर्मन, फ्रेंच किंवा इटालियन यांपैकी एक भाषा निदान तक्ते आणि चित्रांखालच्या ओळी वाचण्यापुरती तरी लागते. उत्खननांचे जुने अहवाल बहुतांशी याच भाषांत आहेत.

टंकनातली एक गोम आत्ताच सांगतो, कारण ती कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. प्राचीन ग्रीकसाठी 'पॉलिटॉनिक' (सगळी आघातचिन्हं उमटवणारा) कळफलक लागतो. युनिकोडमध्ये आघात असलेल्या अल्फाला दिसायला एकसारखी पण आतून वेगळी अशी दोन चिन्हं आहेत. एका संकेतस्थळावरून उचललेला शब्द तुमच्याच टिपणांत शोधून सापडत नाही, तो यामुळे. सगळी टिपणं सुरुवातीपासून एनएफसी या युनिकोडच्या प्रमाणित रूपात करून ठेवा, दोन्ही चिन्हांचं एकच होतं.

संदर्भ देताना प्राचीन लेखकांना पान क्रमांक लावायचा नाही. लॉरियनच्या खाणींतल्या चांदीतून जहाजं बांधायचा अथेन्सचा नेता थेमिस्टोक्लीस याचा सल्ला हवा असेल तर हिरोडोटस ७.१४४ (पुस्तक ७, प्रकरण १४४), आवृत्ती कुठलीही असो. प्लेटोला स्टेफानसच्या १५७८च्या आवृत्तीचे आकडे, अ‍ॅरिस्टॉटलला बेकरच्या १८३१च्या. पर्सियस या संकेतस्थळावर मूळ मजकूर, भाषांतर आणि शब्दावर टिचकी मारली की व्याकरण, तिन्ही मिळतं.

आणि शिलालेखांतले कंस शिकून घ्या, एका दुपारचं काम आहे. १९३१च्या लायडन संकेतांनुसार गोल कंसात संक्षेपाचा विस्तार असतो. चौकोनी कंसात संपादकाने भरून काढलेला मजकूर, म्हणजे दगडावर आज जो नाहीच तो. अक्षराखाली टिंब असेल तर ते अक्षर पुसट, वाचन खात्रीचं नाही. नवख्यांच्या निबंधात सर्रास दिसणारी चूक ही की अख्खा युक्तिवाद ज्या शब्दावर उभा असतो, तो शब्दच चौकोनी कंसात निघतो.

खापरी:
काठावर बसून पोहण्याबद्दल. शंका रास्त आहे, पण आधी हे बघा की वस्तूंचं ज्ञान लागतं कशाला. रोममधल्या पँथिऑन या मंदिराच्या दर्शनी पट्टीवर ठसठशीत अक्षरांत कोरलंय की ही वास्तू ल्युसियसचा मुलगा मार्कस अग्रिप्पा याने तिसऱ्यांदा कॉन्सल (रोमचा सर्वोच्च वार्षिक पदाधिकारी) असताना बांधली. तिसरं कॉन्सलपद म्हणजे इ.स.पू. २७. नुसता लेख वाचणारा तिथेच थांबेल. पण भिंतींतल्या विटांवर कारखान्यांचे शिक्के आहेत, आणि ते सम्राट ट्रेजनच्या अखेरच्या आणि हेड्रियनच्या सुरुवातीच्या वर्षांतले, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांनंतरचे. आज उभी आहे ती पुन्हा बांधलेली वास्तू. नाव तेवढं जुन्याचं ठेवलं. १८९२मध्ये शेदान या फ्रेंच वास्तुविशारदाने विटा तपासेपर्यंत हे नीट उलगडलं नव्हतं. दोन्ही विषय एकत्र घेण्याचा फायदा हाच. ज्या अभ्यासक्रमात इतिहासाचे पेपर वेगळे, पुरातत्त्वाचे वेगळे आणि मध्ये पूल नाही, तो घेऊ नका.

घरी बसून करता येण्यासारखं बरंच आहे. कुठलंही फुटकं मडकं घ्या. एककेंद्री वर्तुळांचा तक्ता कागदावर काढा, अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरच्या अंतराने, आणि त्यावर पाच-पाच टक्क्यांच्या रेघा. काठाचं खापर तक्त्यावर पालथं ठेवा, पुढे-मागे डोलवा, आणि काठाखालून उजेड दिसेनासा झाला की थांबा. तीच त्याची मूळ बैठक. आता ज्या वर्तुळाशी बाक जुळतो तो व्यास, आणि परिघाचा जेवढा भाग शिल्लक तेवढे टक्के. पाच टक्क्यांहून लहान तुकड्याचा व्यास लिहू नका, तो अंदाजच असतो. मग आराखडा काढा: मधोमध उभी रेघ, बहुतेक युरोपीय अहवालांत डावीकडे छेद आणि उजवीकडे बाहेरचं रूप. दहा खापरं अशी काढली की छापील अहवालातली चित्रं डोळ्यांना बोलू लागतात. त्याआधी ती नुसती नक्षी असते.

मोजणीतही गंमत आहे. एकाच प्रकारच्या काठाचे १२, २०, ८ आणि ३५ टक्के असे चार तुकडे निघाले तर बेरीज ७५, म्हणजे ०.७५ भांडं. नुसते तुकडे मोजले तर जे भांडं जास्त तुकड्यांत फुटतं त्याचं पारडं उगाच जड होतं. वजन केलं तर अँफोरे (दोन कानांचे मोठे रांजण) सगळ्यांना गिळून टाकतात: स्पेनहून तेल आणणारा ड्रेसेल २० प्रकारचा एक रिकामा अँफोराच सुमारे ३० किलोचा, त्यापुढे सिगिलाटा या तांबड्या चकचकीत जातीची वाटी ती किती! म्हणून अहवालातला तक्ता वाचताना पहिला प्रश्न: हे तुकडे आहेत, वजन आहे की काठांच्या टक्क्यांची बेरीज?

कार्बन-१४वर विसंबून राहू नका, निदान ग्रीक काळासाठी तरी. इ.स.पू. ८०० ते ४०० या पट्ट्यात कॅलिब्रेशनची (कार्बनचं वय खऱ्या वर्षांत बदलणारी) रेघ जवळजवळ आडवी आहे. प्रयोगशाळेने २४५० ± ३० बीपी दिलं (बीपी म्हणजे १९५०च्या आधीची वर्षं) तर उत्तर येतं साधारण इ.स.पू. ७५० ते ४१०. म्हणजे होमरपासून पेलोपोनेशियन युद्धापर्यंत कुठेही! त्याच थरात अ‍ॅटिक चित्रित भांड्याचा बरा तुकडा असेल तर तो पंचवीस-तीस वर्षांच्या आत नेऊन ठेवतो. तांबड्या आकृत्यांची शैली इ.स.पू. ५३०-५२०च्या सुमारास सुरू झालेली, तेव्हा तसा तुकडा निघाला की थर त्याहून जुना असूच शकत नाही. चित्रकार आणि कार्यशाळांसाठी बीझली आर्काइव्ह ऑनलाइन आहे.

उत्खनन मात्र एकदा कराच, तीन-चार आठवड्यांचं. प्रशिक्षण देणारी उत्खननं बहुधा उन्हाळ्यात असतात. निवडताना स्थळाच्या नावाला भुलू नका. एकच विचारा: विद्यार्थ्याला थरांची नोंदपत्रकं स्वतः भरू देतात का, की नुसतं घमेली वाहायला लावतात? थरांचा हॅरिस मॅट्रिक्स (कोणता थर आधीचा, कोणता नंतरचा याचा आराखडा) रोज संध्याकाळी काढला पाहिजे. आठवड्याच्या शेवटी काढायला बसलं की 'हा खड्डा त्या भिंतीच्या आधीचा की नंतरचा' हे कुणालाच आठवत नाही. आणि मुन्सेल तक्त्यावर मातीचा रंग बघताना माती ओलसर आहे की कोरडी ते लिहा; तीच माती वाळली की फिकट दिसते आणि कागदावर दोन थर तयार होतात.

तिठा:
दोघांचेही आभार. कंसांचं तर माहीतच नव्हतं. प्रबंधाचं राहिलं. पाँपेईच्या घरांवर काही करता येईल का? लॅटिन आतापासून सुरू करतो.

अर्धविराम:
'दैनंदिन जीवन' हा विषय नव्हे, ते कपाट आहे. १२ ते १५ हजार शब्दांत एकच खण उघडता येतो.

दूरशिक्षणात क्रम उलटा ठेवा: आधी घरबसल्या पूर्ण मिळेल असा विदा (डेटा) शोधा, मग त्याला विचारता येईल असा प्रश्न. उलटं केलं तर आठव्या महिन्यात कळतं की हवी ती वस्तू एखाद्या संग्रहालयाच्या तळघरात अप्रकाशित पडलीय. अथेन्सच्या अगोरा (प्राचीन बाजारचौक) उत्खननाच्या वह्या, छायाचित्रं आणि वस्तूंच्या नोंदी ऑनलाइन खुल्या आहेत, रोमन साम्राज्याच्या नाण्यांसाठी ओक्रे ही ऑनलाइन सूची आहे, इटलीतल्या अलीकडच्या उत्खननांसाठी फास्ती ऑनलाइन.

पाँपेई चालेल, आणि छान चालेल. तिथल्या प्रत्येक दाराला पत्ता आहे: विभाग, ठोकळा, दार. उत्खननप्रमुख फिओरेल्लीने १९व्या शतकात लावून दिलेली पद्धत. 'फॉनचं घर' म्हणजे ६.१२.२, वेत्तींचं ६.१५.१. घरांची लाडकी नावं एकाहून अधिक असतात, पत्ता एकच. टिपणं पत्त्यानेच करा. अंगण असलेल्या ३० घरांत कुठल्या खोलीत काय सापडलं याची तपशीलवार यादीही ऑनलाइन आहे. मग प्रश्न असा घ्या: स्वयंपाकाची भांडी खरंच स्वयंपाकघरातच सापडतात का? किंवा 'शयनगृह' असं नकाशावर लिहिलेल्या खोल्यांत पलंगाचे अवशेष किती ठिकाणी आहेत? नकाशांवरची लॅटिन नावं पुष्कळदा विट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराच्या मजकुरातून उचलून चिकटवलेली आहेत, हे ध्यानात ठेवलं की प्रश्नाला आपोआप धार येते.

अडचणीही सांगतो. इ.स. ७९चा व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक म्हणजे घड्याळ थांबलं, असं धरून चालू नका. त्याआधी सतरा वर्षं मोठा भूकंप झाला होता आणि बरीच घरं दुरुस्तीत होती. खोलीत चुन्याचा ढीग सापडतो तो त्यामुळे. उद्रेकानंतर लोकांनी बोगदे खणून वस्तू काढून नेल्या. शिवाय १७४८पासूनच्या जुन्या उत्खनकांनी ब्राँझ नि संगमरवर नोंदवलं, साधी खापरं फेकली. म्हणून 'सापडलं नाही' आणि 'नव्हतं' यांसाठी सारणीत वेगवेगळे रकाने ठेवा. हे दोन रकाने एक झाले की निष्कर्ष खोटे निघतात, आणि परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतो.

शिलालेखी:
पाँपेई घेतलंच तर तारखांची भर घालतो. उद्रेक २४ ऑगस्टचा असं धाकट्या प्लिनीच्या पत्रांच्या हस्तलिखितांच्या आधारे म्हणत आले; २०१८मध्ये भिंतीवर कोळशाने लिहिलेली तारीख सापडली, 'नोव्हेंबरच्या कॅलेंड्सच्या (म्हणजे १ तारखेच्या) आधी १६ दिवस'. आपण १ नोव्हेंबरमधून १६ वजा केले की १६ ऑक्टोबर येतो, आणि चूक होते. रोमन लोक दोन्ही टोकं मोजतात: १ नोव्हेंबर हा पहिला, ३१ ऑक्टोबर दुसरा, असं मागे येत सोळावा १७ ऑक्टोबर. त्यात वर्ष लिहिलेलं नाही हेही नोंदवा. कोळसा भिंतीवर फार टिकत नाही म्हणून तो ७९चाच धरतात.

ग्रीक वर्षांतही असाच घोळ. अथेन्सचं वर्ष ऐन उन्हाळ्यात सुरू व्हायचं, म्हणून एकच वर्ष ४३१/० असं तिरक्या रेघेने लिहितात. तिथे आडवी रेघ टाकली की अर्थ होतो ४३१ ते ४३०, म्हणजे काळाचा पल्ला. आणि शून्य नावाचं वर्ष नाही: इ.स.पू. ४९०च्या मॅरेथॉनला अडीच हजार वर्षं पूर्ण झाली ती २०११मध्ये, २०१०मध्ये नव्हे. इ.स.पू.पासून इ.स.पर्यंतचा कालावधी काढताना दोन्ही आकड्यांची बेरीज करून एक वजा करा.