डोरियन मोड पियानोवर वाजवताना कान 'सी'वरच का विसावतो?

प्रश्न:
नमस्कार. मी नाशिकला पंचवटीत राहतो आणि पियानोच्या ग्रेड परीक्षेची तयारी करीत आहे. डोरियन मोड (पाश्चात्त्य संगीतातील स्वरक्रमाचा एक प्रकार) म्हणजे डीपासून वरच्या डीपर्यंतच्या पांढऱ्या पट्ट्या, एवढे मला समजले आहे. परंतु याच पट्ट्या सी मेजरमध्येही असल्यामुळे, डीपासून सुरुवात केली तरी वाजवता वाजवता कान सीवर येऊन थांबतो आणि डोरियनचा वेगळा रंग जाणवतच नाही. आई हार्मोनियम वाजवते. तिने ऐकून "हा तर काफी थाट, पांढरी दोनचा षड्ज धर," म्हणजे डीलाच 'सा' मान, एवढेच सांगितले. थाट आणि मोड एकच आहेत का, आणि डी हाच आधारस्वर आहे हे हातातून कसे दाखवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद 1:
आपल्या आईंचे म्हणणे अगदी योग्य आहे. सी मेजरमध्ये बी हा स्वर सीच्या खाली अर्ध्या स्वराच्या अंतरावर असल्यामुळे तो सीकडे ओढ घेतो. डीच्या खालचा सी मात्र पूर्ण स्वराच्या अंतरावर आहे, म्हणून डीला तशी ओढ आपोआप मिळत नाही आणि ती मुक्कामाने व पुनरावृत्तीने निर्माण करावी लागते. डाव्या हाताने खालचे डी आणि ए तानपुऱ्यासारखे धरून ठेवा. उजव्या हाताने आधी डी, एफ, ए एवढेच वाजवा, कान स्थिरावला की बीवर जरा थांबा आणि ए, जी, एफ, ई असे उतरत डीवर या. मायनरच्या छायेत अचानक उजळणारा तो बी, म्हणजेच शुद्ध धैवत, हाच डोरियनचा प्राण आहे. कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) लावताना डी मायनर, जी मेजर, पुन्हा डी मायनर असे फिरा. जी मेजरमध्ये एफ मिसळून जी सेव्हन केलात, तर बी आणि एफ मिळून कानाला थेट सीवर नेतील, म्हणून सध्या ते टाळावे.

प्रतिसाद 2:
गायनाच्या बाजूने थोडे लिहितो. पंडित भातखंडे यांनी रागांच्या वर्गीकरणासाठी मांडलेल्या दहा थाटांपैकी (सात स्वरांच्या मूळ संचांपैकी) सहा पाश्चात्त्य मोडांशी जुळतात: बिलावल आयोनियनशी, काफी डोरियनशी, भैरवी फ्रिजियनशी, कल्याण लिडियनशी, खमाज मिक्सोलिडियनशी आणि आसावरी एओलियनशी. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी यांना मात्र त्यांत जागा नाही. थाट ही केवळ वर्गीकरणाची चौकट असून गायला जातो तो राग, हे विसरू नये. भीमपलास आणि बागेश्री दोन्ही काफी थाटातले. पण भीमपलासच्या आरोहात रिषभ-धैवत वर्ज्य आहेत, तर बागेश्रीत पंचम अल्प आहे. डीपासूनच्या पांढऱ्या पट्ट्या सरळ वाजवल्याने यांपैकी एकही राग उभा राहत नाही. शिवाय पियानोवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणे) घेता येत नाही आणि कोमल गंधार जागचा हलत नाही. आकाशवाणीने 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, त्यामागे याच स्वरूपाचे आक्षेप होते. तरीही मोड समजून घेण्यासाठी पियानो उत्तम वाद्य आहे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद 3:
वरील सूचनांना एक जोड देते. डीची सवय झाल्यावर हाच मोड सीपासून वाजवावा. त्यात ई आणि बी फ्लॅट (अर्धा स्वर खाली) होतात, बाकी सर्व स्वर पांढऱ्या पट्ट्यांवर राहतात. मग फक्त ए हा स्वर ए फ्लॅट करून पाहावा, की तोच सी नॅचरल मायनर होतो. षड्ज न हलवता एकाच स्वराचा फरक ऐकला, की सी मेजरचा भास उरत नाही.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. डी-ए धरून वाजवल्यावर बीचा रंग आज प्रथमच स्पष्ट ऐकू आला. पण डावा हात कॉर्डकडे गेला की आधारस्वर तुटतो. त्या वेळी पेडल दाबून ठेवावे का?

प्रतिसाद 1:
सलग दाबून ठेवू नये, स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. प्रत्येक कॉर्ड बदलताना पेडल सोडून लगेच पुन्हा घ्यावे आणि करंगळीने खालचा डी तेवढा धरून ठेवावा. जी मेजरमध्येही डी आहेच, त्यामुळे तो खटकणार नाही.