तोल सांभाळणे आणि तोल सावरणे

कानामात्रा:
शाळकरी मुलांच्या एका मासिकासाठी दोन पायांवर चालणाऱ्या रोबोंवरचा लेख मराठीत करतेय. मी लिहिलं होतं, 'धक्का बसताच रोबो एक पाऊल मागे टाकून तोल सावरतो.' तपासून परत आलं तेव्हा त्याचं झालं होतं, 'रोबो आपले संतुलन राखतो.' समासात शेरा: 'तोल बोलीभाषेतला, शास्त्रीय लेखात संतुलन हवे.' वाक्य शुद्ध आहे, पण त्यातला धक्काच गायब झाला. त्यात त्याच अंकात मागच्या पानावर 'संतुलित आहार' आहे, त्यामुळे मला पालेभाजी खाणारा रोबो दिसायला लागलाय. तोल, समतोल, संतुलन सगळे 'तुल्' धातूचेच ना? मग फरक नेमका कुठे पडतो?

ओसरी:
फरक क्रियापदात आहे, ताई. संतुलन राखतात, बिघडवतात, साधतात. तोल मात्र जातो, सुटतो, ढळतो. संतुलन बिघडलं तर समिती नेमता येते, तोल गेला तर ज्याचा त्याने, तोही अर्ध्या क्षणात आवरायचा असतो.

आणि सांभाळणं व सावरणं हेही एक नव्हे. पाय एसटीच्या पायरीवर असताना कंडक्टर म्हणतो 'सांभाळून उतरा'. पाय घसरला की ओरडतो 'अहो, सावरा!' एक आधीचं, एक नंतरचं. 'तिनं संसार सांभाळला' आणि 'तिनं संसार सावरला' यात मधे काहीतरी घडून गेलेलं असतं, ते सांगावं लागत नाही.

पानापकड:
ओसरीकाका, हा फरक आमच्या रोबोंच्या धंद्यात जसाच्या तसा आहे, फक्त तो मराठीत इतका सुटसुटीत होईल असं वाटलं नव्हतं.

होंडाचा असिमो (2000) हा सांभाळणारा. त्यामागची कल्पना सर्बियाच्या मिओमीर वुकोब्रातोविच यांची, 1970 च्या आसपासची. पायाखालून जमीन जो रेटा देते, तो सगळा एका बिंदूत गोळा झालाय असं धरायचं. हा बिंदू तळव्याच्या आत आहे तोवर पाऊल सपाट राहतं. कडेला गेला की पाऊल उलटायला लागतं. पाटाच्या अगदी काठावर उभं राहून बघा, कळेल. असिमो पुढच्या पावलांचा हिशोब आधीच असा करायचा की बिंदू काठाला जाऊच नये. म्हणून तो गुडघे मोडून, ओल्या न्हाणीघरातून चालल्यासारखा चालायचा. 1986 सालच्या होंडाच्या पहिल्या यंत्राला तर एका पावलाला 5 सेकंद लागत. हिशोबात नसलेलं काही घडलं की संपलं. 2006 मध्ये जपानमधल्या एका प्रात्यक्षिकात असिमो लोकांसमोर जिन्यावरून कोसळला.

दुसरी जात सावरणाऱ्यांची. मार्क रेबर्ट यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एका पायाचं यंत्र केलं. ते चक्क लंगडी घालायचं. आपण लहानपणी घातलीय ती लंगडी आठवा. लंगडीत एका जागी थिजून राहणं अवघड, उड्या मारत राहणं सोपं, कारण पुढचं पाऊल कुठे टाकायचं हाच तोल. याच रेबर्टनी 1992 मध्ये बोस्टन डायनॅमिक्स काढली. तिच्या ॲटलस रोबोला हॉकी स्टिकने ढोसलेला व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेल. धक्का बसतो, तोल जातो आणि पाय त्या जाणाऱ्या तोलाच्या खाली जाऊन पडतो. तिथे 'संतुलन राखतो' म्हणणं शास्त्रीयदृष्ट्याच चुकीचं. राखलं कुठे? गेलं होतं की!

चालताबोलता:
फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून तोंड घालते. 'संतुलन बिघडलंय' असं कोणी पेशंट सांगत नाही. 'झोक जातो', 'पाय लटपटतात', 'भिंत धरल्याशिवाय मोरीपर्यंत जाता येत नाही' असं म्हणतात. चालण्याच्या पद्धतीला आम्ही 'चाल' म्हणतो, पण लेखाला 'रोबोची चाल' असं शीर्षक देऊ नका, कटकारस्थान वाटेल.

कानामात्रा:
हाहा, नोंद घेतली. पानापकड, पडण्याबद्दल अजून सांगा ना. लेखात 'मर्यादा' नावाची चौकट आहे आणि मूळ मजकूर फार मोघम आहे.

पानापकड:
आमच्या चाकणच्या वर्कशॉपमधले रोबो म्हणजे नुसते यांत्रिक हात, जमिनीला बोल्टने आवळलेले असतात. लाल बटण दाबलं की आहे तिथे थिजतात. दोन पायांच्या रोबोचा करंट तोडला तर तो थांबत नाही, खाली येतो, आणि शेजारी माणूस असेल तर त्याच्या अंगावर. यंत्र 'बंद पडतं' असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणतोय. खरोखर पडणारं हेच. माणसांच्या गर्दीत त्यांना मोकळं सोडायला लोक कचरतात त्याचं एक मोठं कारण हे. दुसरं बॅटरी. एप्रिल 2025 मध्ये बीजिंगला रोबोंची अर्धमॅरेथॉन झाली. जिंकणाऱ्या त्येनगोंगने 2 तास 40 मिनिटं घेतली, वाटेत तीनदा बॅटरी बदलली आणि एकदा पडलाही.

ओसरी:
मग पाय हवेतच कशाला? चाकं लावा.

पानापकड:
सपाट फरशीवर चाकंच बरी, वाद नाही. पण जिने, उंबरे, शिड्या, दाराच्या मुठी हे सगळं आपल्या मापाने बांधलंय. जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या दुर्घटनेनंतर हाच प्रश्न आला होता: आत माणूस पाठवता येत नाही आणि जागा मात्र माणसाच्या मापाची. त्यातूनच 2015 ची कॅलिफोर्नियातली डार्पाची, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेची, रोबोंची अंतिम स्पर्धा झाली. दार उघडा, व्हॉल्व्ह फिरवा, जिना चढा. धडाधड पडले बरेच. जिंकला कोरियाचा ह्युबो, ज्याच्या गुडघ्यांना चाकं होती. जमेल तिथे तो सरळ खाली बसून घरंगळत जायचा. गुडघे टेकून 20 लाख डॉलर!

आता अमेरिकेत जॉर्जियातल्या एका गोदामात डिजिट नावाचा रोबो क्रेट उचलून ठेवतो. काम एवढंच. घरात भांडी घासणारा वगैरे व्हिडिओ मी तरी शंका ठेवूनच बघतो.

चालताबोलता:
अवांतर: 'ह्युमनॉइड'ला काय म्हणायचं? मानवाकृती?

ओसरी:
मानवाकृती ठीक आहे, पण त्यात पाय गृहीत धरू नका. इस्रोची व्योममित्रा मानवाकृतीच, पण तिला पाय नाहीत. अवकाशात कुठे चालायचंय म्हणा.

कानामात्रा:
एसटीची पायरी आणि लंगडी, दोन्ही उदाहरणं देऊन मजकूर परत पाठवला. आत्ताच उत्तर आलं. 'तोल सावरतो' मंजूर! पण आता सगळीकडचं 'रोबो' खोडून 'यंत्रमानव' केलंय, चाकणच्या बोल्टने आवळलेल्या हातालासुद्धा. त्यासाठी उद्या वेगळा धागा काढते.