जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स गरम झाल्यावर घसरतो: दुरुस्ती करावी की गाडी विकावी?

लातूरकर (प्रश्न)

नमस्कार. आमच्या घरी २०११ सालची, चार गिअरची, पेट्रोलवरची ऑटोमॅटिक गाडी आहे. वडिलांच्या डाव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून त्यांना क्लच दाबणे जमत नाही, त्यामुळे लातूरहून औसा तालुक्यातल्या शेतावर जाणे-येणे सर्वस्वी याच गाडीवर अवलंबून आहे. गाडी जुनी घेतलेली असल्याने आधीच्या मालकाने गिअरबॉक्सचे तेल कधी बदलले होते, याची नोंद मिळत नाही.

सकाळी गाडी थंड असताना कोणतीही तक्रार नसते. अर्धा-पाऊण तास चालल्यावर मात्र दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना रेस एकदम वाढते, गाडी क्षणभर ओढ सोडते आणि मग झटका देऊन गिअर पकडते. रिव्हर्स टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि नंतर धप्प असा आवाज होऊन गाडी मागे सरकते. नुकतेच बीडहून अंबाजोगाईमार्गे परत येताना, मांजरसुंब्याच्या घाटात उसाच्या ट्रॉल्यांमागे हळूहळू चढावे लागले, तेव्हा हा त्रास इतका वाढला की वर पोहोचल्यावर गाडी बाजूला घेऊन बराच वेळ थंड होऊ द्यावी लागली.

तेलाची कांडी पांढऱ्या कागदावर टेकवून पाहिली, तेव्हा मधोमध काळपट तपकिरी डाग पडला, त्याच्या कडेने फिकट लालसर वर्तुळ उमटले आणि तेलाला किंचित करपट वास होता. एका गॅरेजने काहीही न तपासता संपूर्ण गिअरबॉक्स बदलावा लागेल, असे सांगून सव्वा लाखाचा अंदाज दिला. गाडीची बाजारातली किंमतच जेमतेम तेवढी आहे. दुसऱ्या मेस्त्रींचे म्हणणे असे की, इतक्या जुन्या गिअरबॉक्समध्ये नवे तेल घातले, तर तो कायमचा बंद पडतो. यात खरे काय, आधी काय तपासावे आणि पंधरा वर्षांना टेकलेल्या गाडीवर किती खर्च करावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

वाळूजवाला

मी छत्रपती संभाजीनगरला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचीच कामे करतो. आपण लक्षणे नेमकी लिहिली आहेत, त्यामुळे बऱ्याच गोष्टींचा अंदाज बांधता येतो.

या प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये तेल तीन कामे करते: टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या, तेलाने भरलेल्या भागातून) इंजिनाची ताकद पुढे नेते, आतल्या क्लच प्लेट दाबून धरण्यासाठी लागणारा दाब देते आणि सगळ्या भागांना थंड ठेवते. थंडपणी चांगला चालणारा गिअरबॉक्स गरम झाल्यावर घसरू लागला, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की पातळ झालेले तेल कुठेतरी दाब गमावते आहे. तेल कमी असेल, झिजलेल्या सीलमधून दाब गळत असेल, व्हॉल्व्ह बॉडीतला (तेलाचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या भागातला) एखादा व्हॉल्व्ह अडकत असेल किंवा सोलेनॉइडची (तेलाची वाट उघड-बंद करणाऱ्या विजेवरच्या झडपेची) कॉइल तापल्यावर नीट काम करत नसेल. यातली पहिली आणि शेवटची बाब गिअरबॉक्स न उतरवता दुरुस्त होते. व्हॉल्व्ह बॉडीचे कामही बऱ्याच गाड्यांत खालचा किंवा बाजूचा पॅन उघडून करता येते. क्लच प्लेट जळाल्या असतील, तरच गिअरबॉक्स खाली उतरवून उघडावा लागतो. त्यामुळे तपासणी न करता सव्वा लाखाचा आकडा सांगणे मला मुळीच योग्य वाटत नाही.

पहिली गोष्ट, तेलाची पातळी पुन्हा पाहा. इंजिनाचे तेल गाडी बंद करून पाहतात, परंतु कांडी असलेल्या बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल गाडी चांगली गरम झाल्यावर, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून आणि ब्रेक दाबून दांडा सगळ्या गिअरमधून एकदा फिरवल्यानंतर पाहायचे असते. दांडा शेवटी पी (पार्क) मध्ये ठेवायचा की एन (न्यूट्रल) मध्ये, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. पातळी कमी निघाली, तर ते तेल गेले कुठे याचा शोध घ्या, कारण हे तेल इंजिन ऑइलसारखे जळून कमी होत नाही. ते कुठूनतरी गळतेच.

दुसरी गोष्ट, गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट वाचू शकणारा स्कॅनर लावून घ्या. साधा स्कॅनर अनेकदा फक्त पी ०७०० हा बिघाडाचा कोड दाखवतो, म्हणजे गिअरबॉक्समध्ये काहीतरी बिघाड आहे एवढेच कळते. पी ०७३३ आला तर तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर जुळत नाही असे समजावे. पी ०७५० पासून पुढचे काही कोड शिफ्ट सोलेनॉइडचे असतात. कोड मिळाला म्हणून लगेच सुटा भाग मागवू नका. आधी वायरिंग, कनेक्टर आणि सोलेनॉइडचा रोध गाडी गरम असताना मोजायला सांगा.

नव्या तेलाने गिअरबॉक्स बंद पडतो, या समजुतीमागचे कारण वेगळे आहे. लोक तेल बदलण्याचा विचार गाडी घसरू लागल्यावरच करतात. क्लच प्लेट आधीच संपलेल्या असतील तर तेल बदलूनही त्या वाचत नाहीत आणि दोष तेलावर जातो. आपल्या गाडीत मी मशीन लावून जोरात फ्लश करणार नाही. तळाचे तेल सोडून तेवढेच नवे भरावे, काही दिवस गाडी चालवावी आणि हेच दोन-तीन वेळा करावे. तळातून एका वेळी साधारण निम्मेच तेल निघते, बाकीचे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहते. तेल मात्र पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचेच हवे. "सगळ्या ऑटोमॅटिकला चालते" असे सांगून दिलेला सुटा डबा घेऊ नका.

पॅन उघडला जाईल तेव्हा स्वतः जवळ उभे राहा आणि आतले चुंबक पाहा. त्यावर बोटाला लागणारा बारीक करडा लेप असणे स्वाभाविक आहे. चमकणारे धातूचे तुकडे किंवा क्लचच्या अस्तराचे काळे कण दिसले, तर पुढचा खर्च तेलावर करू नका.

परभणीकर

वरील उत्तराला एक जोड देतो, कारण ही बाब आपल्या भागात फार दुर्लक्षित राहते. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला असतो. आपल्याकडे कूलंट कमी झाले की बोअरचे पाणी ओतण्याची सवय आहे. त्या क्षारयुक्त पाण्याने रेडिएटरच्या आत थर साचतो, इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही तापतो आणि तापलेले तेल लवकर निकामी होते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांवर जातो, तेव्हा शहरात हळू चालणाऱ्या गाडीला याचा सर्वांत जास्त फटका बसतो. त्यामुळे तेल बदलण्याआधी रेडिएटर आणि त्याचा पंखा तपासून घ्यावा. कधी गिअरबॉक्सचे तेल गुलाबी दुधासारखे दिसले, तर कूलर आतून फुटून कूलंट तेलात मिसळले आहे असे समजावे आणि गाडी एक किलोमीटरही चालवू नये.

घाटात हळू चढताना गाडी डी मध्येच ठेवली, तर ती पुनःपुन्हा गिअर बदलत राहते आणि तेल तापते. ओव्हरड्राइव्ह (सर्वांत वरचा गिअर) बंद करून किंवा दांडा २ वर घेऊन चढावे, आणि चढावर थांबल्यावर ॲक्सिलरेटरने गाडी तोलून न धरता ब्रेक दाबावा.

वडील शेतावर एकटे जात असतील, तर एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगा: गाडी बंद पडली, तर ती ट्रॅक्टरला दोर बांधून ओढू देऊ नये. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही, त्यामुळे चाके फिरतात पण आतल्या भागांना वंगण मिळत नाही. पुढची चाके उचलून किंवा पूर्ण गाडी वाहनावर चढवूनच न्यावी.

नांदेडहून

मी खर्चाच्या बाजूने लिहितो. खोललेल्या गाडीचा जुना गिअरबॉक्स कुर्ल्याच्या बाजारातून आणून बसवण्याचा सल्ला आपल्याला नक्की मिळेल. माझे मत त्याच्या विरुद्ध आहे. त्या गिअरबॉक्सचा इतिहास आपल्या गिअरबॉक्सपेक्षाही अंधारात असतो, आणि तो खराब निघाला तर काढण्या-बसवण्याची मजुरी दुसऱ्यांदा आपल्यालाच द्यावी लागते. घ्यायचाच झाला तर क्रमांक जुळवून, मजुरीसह हमी लेखी घेऊनच घ्यावा.

१५ वर्षे पूर्ण झाल्यावर तपासणी होऊन नोंदणीचे नूतनीकरण पाच वर्षांसाठी होते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. इंजिन आणि पत्रा चांगला असेल व दोष सोलेनॉइडपर्यंतच असेल, तर खर्च करावा. गिअरबॉक्स पूर्ण उघडावा लागत असेल, तर मी गाडी विकून एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल) गाडी पाहीन. त्यातही क्लचचे पेडल नसते, पण आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि नेहमीची क्लच प्लेट असते. भारतात २०१४ च्या सेलेरिओपासून अशा गाड्या आल्या, त्यामुळे जुन्या बाजारातही त्या मिळतात. चढावर त्या थोड्या अडखळतात आणि ॲक्चुएटर (क्लच आणि गिअर आपोआप हलवणारा भाग) बिघडला तर तो स्वस्त नसतो, हेही लक्षात घ्यावे.

लातूरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गाडी दुसरीकडे नेऊन तपासून घेतली. गरम असताना पाहिल्यावर तेल बरेच कमी निघाले. कूलरकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या तोंडाशी गळती होती. स्कॅनरवर पी ०७३३ आणि एका शिफ्ट सोलेनॉइडचा कोड आला, आणि तो सोलेनॉइड तापल्यावर खरोखरच दोषी ठरला. चुंबकावर फक्त करडा लेप होता. नळी आणि सोलेनॉइड बदलले, रेडिएटर साफ केला आणि तेलाचा पहिला टप्पा झाला. एकूण खर्च पहिल्या अंदाजाच्या पाव भागापेक्षाही कमी आला. तिसऱ्या गिअरचे घसरणे थांबले आहे. रिव्हर्स आता लगेच लागतो, पण धप्प हा आवाज थोडा उरला आहे.

वाळूजवाला

सोलेनॉइड बदलल्यावर कंट्रोल युनिटमधली जुनी शिकवण (गिअर बदलण्याच्या साठवलेल्या नोंदी) पुसून गाडीला नव्याने शिकवावे लागते. ते झाले नसेल तर आधी करून घ्या. तरीही आवाज राहिला, तर इंजिनाचे माउंटिंग पाहा. या वयाच्या गाडीत त्याचे रबर बसलेले असते आणि रिव्हर्स टाकताच इंजिन हलून तसाच आवाज येतो. तेलाचा दुसरा टप्पा उन्हाळ्याआधी पूर्ण करा.